चिडचिड, मरगळ आणि बुद्धाचा विचार

मन बिघडलें आहे हें सांगण्यासाठीं मराठी बोलींत शब्दांचा तोटा नाहीं. कोणाचें डोकें फिरतें, कोणाचें ठिकाणावर नसतें. कोणाच्या कपाळाला आठी पडते, कोणाचें तोंड फुगतें. कोणी धुमसत बसतो, कोणी भांड्यांची आदळआपट करतो. कोणाला हुरहुर लागते, तर कोणाला कांहींच करूंसें वाटत नाहीं. 'आज स्वारीचें कांहीं खरें नाहीं' असें गृहिणीनें दारांतच हळूं आवाजांत सांगितलें कीं घरांतील सर्वांना अर्थ कळतो. मुलांनीं गडबड करावयाची नाहीं, पाहुण्यांनीं फार वेळ बसावयाचें नाहीं, आणि पैशांचा विषय तर काढावयाचाच नाहीं. इतके शब्द आणि इतके संकेत असूनही ह्या अवस्थेला कोणी दुखणें मानीत नाहीं. ताप आला तर माणूस काखेंत तापमापक धरतो. चिडचिड झाली तर ती समोरच्याच्या माथीं मारतो.

बुद्धाचें नांव निघालें म्हणजे सामान्यतः जरा, व्याधि, मरण, संन्यास, निर्वाण असे मोठमोठे शब्द डोळ्यांपुढें येतात. घरोघरच्या कुरबुरीशीं त्या महापुरुषाचा काय संबंध, असें सुशिक्षित माणसालाही वाटतें. पण पालि सुत्तें प्रत्यक्ष वाचूं लागलें म्हणजे चित्र पालटतें. तेथें बसल्या जागीं पेंगणारा भिक्षु आहे, जेवण अंगावर आलेला राजा आहे, मोलकरणीवर भडकलेली घरधनीण आहे, शिव्या देत आलेला ब्राह्मण आहे. माणसाचें मन रोजच्या रोज कोठें घसरतें आणि तें तेथल्या तेथें कसें सावरावें, ह्याचा विचार त्या वाङ्मयांत जागोजाग केलेला आढळतो.

हें वाङ्मय मराठी घरांत आणण्याचें मोठें श्रेय धर्मानंद कोसंबी यांना आहे. त्यांचा जन्म 1876 सालीं गोव्यांतील साखवाळ गांवीं झाला. शाळेचें शिक्षण बेताचेंच. नारळीच्या बागायतीची देखरेख करण्यांत तरुणपण जाऊं लागलें. मन मात्र कशांत रमेना. 'बाळबोध मेवा' नांवाच्या मुलांच्या मासिकांत बुद्धाची गोष्ट त्यांच्या वाचनांत आली आणि त्या अस्वस्थतेला दिशा मिळाली. पुढें 1899 सालीं घर सोडून पुणें, काशी, नेपाळ अशी पायपीट करीत ते 1902 सालीं सिंहलद्वीपांत पोहोंचले आणि कोलंबोच्या विद्योदय विद्यालयांत पालि शिकले. ह्या भटकंतीचा भार मागें राहिलेल्या पत्नीवर आणि लहान मुलीवर पडला, हेंही चरित्र वाचतांना नजरेआड करतां येत नाहीं. 1924 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'निवेदन' ह्या आत्मचरित्रांत ही सारी हकीकत प्रांजळपणें आलेली आहे.

अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत 'विशुद्धिमार्ग' ग्रंथाच्या संपादनाचें काम केलेला आणि 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहांत उडी घेतलेला हा पंडित पुढें मुंबईंत आपल्या विहारासाठीं जागा शोधूं लागला. त्याला मलबार टेकडीचा निवांतपणा नको होता. त्यानें लालबागला लागून असलेला परळ भाग, म्हणजे गिरणी कामगारांची दाट वस्ती, पसंत केला. तेथें स्थापिलेल्या विहाराचें नांव त्यानें 'बहुजनविहार' असें ठेविलें. शांत मन ही फुरसतवंतांची चैन आहे असें कोसंबींना वाटत असतें तर त्यांनीं ही जागा निवडली नसती.

त्या काळचें लालबाग म्हणजे भोंग्यावर उठणारें आणि भोंग्यावर निजणारें गांव. चाळीच्या एका खोलींत दोन-दोन पाळ्यांचीं माणसें. एकानें अंथरूण सोडावें तों दुसऱ्यानें त्यावर पडावें. नळ सार्वजनिक, संडास सार्वजनिक, आणि म्हणून मनःस्थितिही सार्वजनिक. कोकणांतून आणि घांटावरून आलेल्या ह्या माणसांना एकांतांत रुसून बसण्याचीही सोय नव्हती. आतां गिरण्यांच्या जागीं उंच मनोरे उभे आहेत आणि नळाच्या रांगेची जागा लिफ्टच्या रांगेनें घेतली आहे. रांगेंतील चेहऱ्यांत मात्र फारसा पालट झालेला नाहीं.

उन्हाळ्यांत लालबागच्या मसाल्याच्या बाजारांत डंके सुरू झाले म्हणजे मन कसें पसरतें ह्याचें उत्तम प्रात्यक्षिक पाहावयास मिळतें. भाजलेल्या मिरच्या कांडणारा माणूस नाका-तोंडाला फडकें गुंडाळून निर्धास्त उभा असतो. शिंका येतात त्या रस्त्यानें जाणाऱ्याला. घरांतील त्रासिक माणसाचेंही असेंच आहे. कचेरींत वरिष्ठ बोलला तो राग कारकून घरीं घेऊन येतो. भाजींत मीठ कमी असल्याचें निमित्त करून तो पत्नीच्या पदरांत पडतो. ती मुलाच्या पाठींत धपाटा घालते. मूल दप्तर भिरकावतें आणि सकाळीं तें उचलतांना मोलकरणीला दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात. उतरंडीच्या तळाशीं जें मडकें असेल त्यावर सर्वांचा भार. तेथील माणसाला आपला राग पुढें द्यावयाला कोणीच उरलेलें नसतें, म्हणून रोजच्या चिडचिडीचा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाहीं.

बुद्धानें सांगितलेली पहिली गोष्ट ऐकावयाला इतकी साधी आहे कीं तिच्यावर विश्वास बसत नाहीं. मन रागावलेलें असेल तेव्हां 'हें मन रागावलेलें आहे' असें जाणावें. मरगळलेलें असेल तेव्हां 'हें मन मरगळलेलें आहे' असें जाणावें. सतिपट्ठान सुत्तांत ह्यालाच चित्ताची अनुपश्यना म्हटलें आहे. त्यांत मनाला दटावणें नाहीं, उपदेश करणें नाहीं, लाज वाटून घेणें तर नाहींच. 'मी चिडलों आहे' आणि 'मनांत चीड आली आहे' ह्या दोन वाक्यांत व्याकरणदृष्ट्या फरक थोडा, पण अनुभवांत फार. पहिल्यांत माणूस आणि चीड एकच होऊन बसतात. दुसऱ्यांत चीड ही दारांतून आंत आलेली कोणी एक ठरते. आणि जें आलें तें जाऊं शकतें. संध्याकाळीं जिना चढतांना, कुलूप उघडण्यापूर्वी, एवढेंच जाणून घेतलें तरी पुष्कळ वेळां आंत जाणारा माणूस निराळा असतो.

पाण्याच्या भांड्याचा एक दृष्टान्त सुत्तांत आहे. भांड्यांतील पाण्यांत माणसानें आपलें तोंड पाहावें म्हटलें तर पांच प्रकारें अडचण येते. पाण्यांत रंग कालवलेला असेल तर तें लोभानें भरलेलें मन. पाणी उकळत असेल तर तें द्वेषाचें. वर शेवाळ धरलें असेल तर तें आळसाचें. वाऱ्यानें हिंदकळत असेल तर तें काळजीचें. आणि गढूळ करून अंधारांत ठेविलें असेल तर तें संशयाचें. पांचही भांड्यांत तोंड दिसत नाहीं, पण कारण प्रत्येकाचें वेगळें. उकळणाऱ्या पाण्याखालचा जाळ काढावयाचा असतो. शेवाळ हातानें बाजूला सारावयाचें असतें. गढूळ पाणी नुसतें स्थिर ठेवून उजेडांत आणावयाचें असतें. 'मूड गेला' ह्या एका शब्दांत हीं पांचही भांडीं एकाच फळीवर मांडलीं जातात आणि मग उपाय चुकतो.

उपाय कसा चुकतो हें दुसऱ्या एका सुत्तांत विस्तवाच्या उपमेनें सांगितलें आहे. विस्तव विझत आला असतां त्यावर ओलें गवत टाकूं नये, आणि भडकला असतां वाळलें गवत टाकूं नये. उघड गोष्ट आहे. पण घरोघर नेमकें उलट चालतें. सकाळपासून अंथरुणांत लोळत पडलेल्या, कशांतच लक्ष नसलेल्या मुलाला वडील सांगतात, 'जरा शांत बस, डोळे मीट.' हें ओलें गवत झालें. त्याच्या मनाला या वेळीं शांति नको, ऊब हवी. कांहीं समजून घेण्याची उत्सुकता, हातापायांना काम, थोडासा आनंद हवा. उलट, जावेशीं भांडून आलेल्या बाईला मैत्रीण म्हणते, 'तूं म्हणून ऐकून घेतलेंस, मी असतें तर!' हें वाळलें गवत. येथें मात्र खरोखरच शांतीची वेळ असते. सावधपणा, ज्याला पालींत सति म्हणतात, तो तेवढा दोन्ही वेळीं उपयोगी पडतो.

मरगळीसाठीं दिलेले उपाय इतके व्यावहारिक आहेत कीं ते धर्मग्रंथांतले वाटूं नयेत. मोग्गल्लान हा बुद्धाच्या दोन प्रमुख शिष्यांपैकीं एक. तो साधना करतांना पेंगूं लागला तेव्हां बुद्धानें त्याला एकामागून एक मार्ग सांगितले. ज्या विचारानें पेंग येते तो विचार सोडून दे. न जमल्यास शिकलेलें आठव; तेंही न जमल्यास मोठ्यानें म्हण. मग कान ओढ, अंग चोळ. मग ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांना पाहा, तारे पाहा. मग मनांत उजेडाची कल्पना कर. मग येरझारा घाल. आणि ह्यांतलें कांहींच साधलें नाहीं तर उजव्या कुशीवर नीज, परंतु उठण्याची वेळ मनाशीं ठरवून. झोप आली असतां झोपणें हाही उपाय त्यांत आहे आणि त्याला कमीपणा दिलेला नाहीं. दिवसभराचें काम, दोन तासांचा लोकलचा प्रवास आणि वर रात्रीचें जागरण करून ज्याला 'जीवनांत अर्थ नाहीं' असें वाटूं लागतें, त्यानें आधीं ह्या शेवटच्या उपायाचा विचार करावयास हरकत नाहीं. कोसलचा राजा पसेनदि अतिजेवणानें धापा टाकीत आला तेव्हांही बुद्धानें त्याला तत्त्वज्ञान ऐकविलें नाहीं. मापानें जेवण्याविषयीं एक लहानशी गाथा सांगितली, आणि राजानें ती रोज जेवतांना म्हणून दाखविण्याचें काम एका तरुणाकडे सोंपविलें.

चिडचिडीचा रोग अधिक चिवट. त्यावर वितक्कसण्ठान सुत्तांत पांच उपाय क्रमानें आले आहेत. पहिला सुताराचा. कुशल सुतार लांकडांतील जाड खुंटी काढावयाची तर तिच्यावर बारीक खुंटी ठोकतो. तसा वाईट विचार हटविण्यासाठीं त्या जागीं चांगला विचार बसवावा. येथें 'बारीक' हा शब्द महत्त्वाचा. शेजाऱ्यानें व्हरांड्यांत सायकल आडवी लावली म्हणून डोकें भणभणलें असेल, तर 'सर्व जग एक आहे' ही खुंटी त्या भोंकांत जात नाहीं. ती फार मोठी होते. 'मागच्या पावसाळ्यांत आईला दवाखान्यांत न्यावयाला हाच धांवला होता' ही खुंटी बरोबर बसते.

दुसरा उपाय किळसेचा. नटण्याची हौस असलेल्या तरुणाच्या गळ्यांत कोणी मेलेला साप अडकविला तर त्याला कशी शिसारी येईल, तसें आपण जो विचार गळ्यांत मिरवीत आहोंत तो काय आहे हें पाहावें. तिसरा, तिकडे लक्षच न देणें. नको तें दृश्य दिसलें तर माणूस डोळे मिटतो किंवा मान वळवितो, तसें. चौथ्याचा दृष्टान्त तर मुंबईच्या माणसासाठींच रचल्यासारखा आहे. एक माणूस भराभर चालला आहे. त्याच्या मनांत येतें, 'मी इतका घाईनें कां चाललों आहे? हळूं चालावें.' तो हळूं चालतो. मग वाटतें, 'चालावें तरी कां? उभें राहावें.' मग उभ्याचा बसतो, बसलेला आडवा होतो. विचारांचाही वेग असाच पायरीपायरीनें उतरवावयाचा. करी रोड स्थानकाच्या पुलावर मागच्या लोंढ्याबरोबर धांवत सुटलेल्या, पण घरीं लवकर पोहोंचण्याचें कांहींच कारण नसलेल्या माणसानें हा प्रयोग करून पाहावा. मात्र पुलाच्या कडेला होऊन.

पांचवा उपाय म्हणजे दांतांवर दांत दाबून, बळकट माणूस दुबळ्याला धरतो तसें मनाला दाबून धरणें. बहुतेक माणसें राग आवरतांना हाच उपाय करतात आणि तोही सर्वांत आधीं. बुद्धानें तो सर्वांत शेवटीं ठेविला आहे, पहिले चार हरल्यानंतरचा. आधींच दांत आवळणाऱ्याचा राग बहुधा जेवणाच्या पाटावर बाहेर पडतो.

राग दाबलेला आहे कीं खरोखरच नाहीं, ह्याची कसोटी एका मोलकरणीनें घेतल्याची कथा ककचूपम सुत्तांत आहे. श्रावस्ती नगरींत वेदेहिका नांवाची घरधनीण होती. ती शांत, ती प्रेमळ, अशी तिची ख्याति. तिची दासी काली मोठी कामसू. कालीच्या मनांत आलें, बाईसाहेबांना राग येतच नाहीं, कीं माझें काम चोख असल्यामुळें तो दिसत नाहीं? म्हणून एके दिवशीं ती मुद्दाम उशिरां उठली. धनिणीच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या खेपेस अधिक उशीर केला. कडक शब्द ऐकावे लागले. तिसऱ्या खेपेस आणखी उशीर केला, तेव्हां वेदेहिकेनें दाराची खीळ उचलून तिच्या डोक्यांत घातली. रक्तानें माखलेलें डोकें घेऊन काली शेजाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली, 'पाहा ही शांत बाईची करणी!' बुद्धानें ही गोष्ट भिक्षूंना सांगितली ती त्यांच्यासाठीं: सर्व कांहीं मनासारखें असतांना कोण शांत नसतो? पण ज्या घरांत सकाळीं कामवाली बाई अर्धा तास उशिरां येते, त्या घरालाही ती लागू पडते. घरधनिणीची शांति ही पुष्कळदां काम करणाऱ्या दुसऱ्या कोणाच्या वक्तशीरपणावर उभी असते, हें ह्या कथेनें इतक्या स्पष्टपणें दाखविलें आहे कीं वाचणारा थोडा चपापतो.

ह्या चिडचिडीवर मुळाशीं जाणारा उपाय म्हणजे मैत्रीची भावना. पांचव्या शतकांत सिंहलद्वीपांत बुद्धघोषाचार्यांनीं लिहिलेल्या 'विशुद्धिमार्ग' ग्रंथांत तिची रीत तपशिलानें दिलेली आहे. आरंभ शत्रूपासून करावयाचा नाहीं. तो स्वतःपासून करावयाचा. 'मी सुखी असावें, माझें वैर नाहींसें व्हावें' असें मनांत धरून, स्वतःला जें हवें तेंच दुसऱ्यालाही हवें असतें हें ओळखावयाचें. मग आदरणीय गुरु, मग जिवलग, मग ज्याच्याशीं देणेंघेणें नाहीं असा त्रयस्थ, आणि अगदीं शेवटीं वैरी. लालबागच्या माणसाला त्रयस्थ शोधावयाला दूर जावें लागत नाहीं. रोज एकाच वेळीं बसच्या थांब्यावर भेटणारा, नांव ठाऊक नसलेला माणूस पुरतो.

वैऱ्यापाशीं येतांच मन अडतें हें आचार्यांना पुरतें ठाऊक होतें, आणि तेथें त्यांनीं युक्त्यांची रांगच लावली आहे. दुसऱ्याला मारण्यासाठीं हातांत निखारा घेणाऱ्याचा हात आधीं भाजतो, हें स्वतःला सांगावें. त्यानें न भागल्यास रागावण्याजोगें नक्की काय आहे तें शोधावें: त्या माणसाच्या केसांचा राग आहे, कीं नखांचा, कीं दांतांचा? असें एकेक विचारीत गेलें कीं राग टेकावयाला जागा उरत नाहीं. हें वाचून हसूं येतें, आणि हसूं आलें कीं अर्धें काम झालें. सर्व युक्त्या थकल्या तर शेवटची: त्या माणसाला कांहीं तरी द्यावें, किंवा त्यानें दिलेलें घ्यावें. चाळींत ही युक्ति ग्रंथ न वाचतांही चालत आली आहे. नळावरून कडाक्याचें भांडण झालेल्या दोन बिऱ्हाडांत आठ दिवसांनीं एका घरून खिरीची वाटी जाते. वाटी रिकामी परत करावयाची नाहीं हा रिवाज. म्हणून उलट चार लाडू येतात. आणि बोलणें सुरू करण्याची अवघड जबाबदारी कोणावरच पडत नाहीं.

ह्या सर्वांसाठीं मन थोडेंसें हाताशीं असावें लागतें, आणि त्याचा सराव श्वासावर करतात. बसावें, पाठ सरळ ठेवावी, नाकपुड्यांपाशीं येणाजाणारा श्वास जाणावा. तो लांबवूं नये कीं रोखूं नये. मन ठरेना तर श्वास मोजावे. 'विशुद्धिमार्गा'नें येथें मर्यादा घातली आहे: पांचाच्या आंत थांबूं नये, दहाच्या पुढें जाऊं नये. आरंभीं धान्य मापणाऱ्यासारखें सावकाश मोजावें. माप भरून ओतल्यावरच तो आंकडा उच्चारतो, तसा श्वास पुरा झाल्यावर आंकडा म्हणावा. महाराष्ट्रांत धान्य मापतांना पहिल्या मापाला 'एक' न म्हणतां 'लाभ' म्हणण्याची चाल होती. श्वास मोजणाऱ्यानेंही ती उचलावयास हरकत नाहीं. दहा मिनिटांत मन वीस वेळां पळेल. पळालें हें कळणें आणि त्याला न रागावतां परत आणणें, हाच सराव आहे. कारण संध्याकाळीं चिडचिड उफाळते तेव्हां करावयाचें काम तेंच असतें.

आतां ह्या साऱ्यावर घेतला जाणारा मोठा आक्षेप. लालबाग-परळच्या माणसापुढें तो मांडावयाचा तर आडपडदा ठेवून चालणार नाहीं. 18 जानेवारी 1982 रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. तो संप रीतसर मागें असा घेतला गेलाच नाहीं. गिरण्या मात्र बंद पडत गेल्या. ज्या घरांत महिनोन् महिने पगार आला नाहीं, मुलांच्या शाळा सुटल्या, बायकांनीं घरगुती खानावळी चालवून चूल पेटती ठेविली, त्या घरांतील कर्त्या पुरुषाची उदासी हा काय 'मूड' होता? त्याला श्वास मोजावयाला सांगणें ही क्रूर थट्टा झाली नसती काय?

आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर संयुत्त निकायांतील दोन बाणांच्या दृष्टान्तांत सांपडतें. माणसाला एक बाण लागतो. त्याची वेदना शरीराला होते. अडाणी माणूस त्या वेदनेवर शोक करतो, छाती पिटतो, आणि लगेच दुसरा बाण लागावा तशी मनाची दुसरी वेदना भोगतो. शहाण्याला पहिलाच बाण लागतो. पहिला बाण खोटा आहे, असें बुद्ध कोठेंही म्हणत नाहीं. गिरणी बंद पडली हा पहिला बाण. त्यावर उपाय संघटना, कायदा, न्यायालय, नवें काम हाच. 'मी नालायक, घरांत माझें तोंड कोणी पाहूं नये' हा दुसरा बाण; त्या बाणानें घायाळ झालेला माणूस दारूच्या गुत्त्यावर जातो किंवा मुलावर हात उगारतो, पण संघटनेच्या सभेला जात नाहीं. दुसरा बाण काढल्यानें पहिला निघत नाहीं हें खरें. परंतु पहिला काढण्यासाठीं लागणारें डोकें तेवढें ठिकाणावर येतें.

परळच्या बी. आय. टी. चाळींत अनेक वर्षें राहिलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपूर येथें बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यांच्या निधनानंतर 1957 सालीं प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथांत ह्या पहिल्या बाणावरच भर आहे: माणसानें माणसाला दिलेलें दुःख, विषमता आणि अन्याय. केवळ आंत पाहून समाधान मानणारा बौद्ध धर्म त्यांना मान्य नव्हता. म्हणून एक पथ्य कटाक्षानें पाळावयास हवें. मन शांत करण्याची साधना ही स्वतःच्या मनासाठीं आहे. आपण ज्याला दुखविलें त्याला सांगण्यासाठीं नव्हे. पगार थकविणाऱ्या मालकानें कामगाराला ध्यानाचे फायदे सांगूं नयेत, आणि दिवसभर टोंचून बोलणाऱ्या सासूनें सुनेला 'मन मोठें कर' म्हणूं नये. श्रावस्तीच्या त्या घरांत साधनेची गरज वेदेहिकेला होती, कालीला नव्हती.

दुसरी मर्यादा वैद्यकाची. रोजची मरगळ येते आणि जाते. उदासी दोन आठवडे हटतच नसेल, झोप आणि भूक उडाली असेल, जगणें नकोसें वाटत असेल, तर तो आजार असूं शकतो आणि त्याला डॉक्टरच हवा. 1926 पासून परळांत उभ्या असलेल्या के. ई. एम. रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे. सरकारनें ऑक्टोबर 2022 पासून चालविलेल्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा दूरध्वनि क्रमांकही त्यासाठींच आहे. अशा अवस्थेंत एकट्यानें तासन् तास डोळे मिटून बसणें कधीं कधीं अपायकारकही होतें. उलट, पुन्हां पुन्हां येणारा विषाद टाळण्यासाठीं, दोन झटक्यांच्या मधल्या निरोगी काळांत, सावधपणाचें हें शिक्षण उपयोगी पडतें असें पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांना अभ्यासान्तीं आढळून आलें आहे. त्याचा रुग्णालयांतील आरंभ अमेरिकेंत 1979 सालीं झाला.

मुंबईकराला मात्र ही विद्या अमेरिकेहून मागवावी लागली नाहीं. ब्रह्मदेशांत व्यापार करणारे सत्यनारायण गोयंका अर्धशिशीच्या असह्य दुखण्यानें गांजून 1955 सालीं रंगूनचे ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरु संन्यासी नव्हते. सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख अधिकारी होते, आणि आपल्या कचेरींतील नोकरांनाच ते ध्यान शिकवीत. गोयंकांनीं भारतांतील पहिलें शिबिर जुलै 1969 मध्यें मुंबईंतच एका धर्मशाळेंत घेतलें. पुढें 1976 पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर तीं नियमानें होऊं लागलीं. शिबिराचे दहा दिवस. त्यांतील पहिले नऊ दिवस पूर्ण मौन. कोणी कोणाशीं बोलावयाचें नाहीं, खुणाही करावयाच्या नाहींत. दहाव्या दिवशीं मौन सुटतें, आणि मैत्रीची भावना शिकविली जाते ती त्याच दिवशीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं माणसें आपापलीं गांठोडीं घेऊन स्थानकावर येतात, मुंबईची गाडी पकडतात, आणि दुपारपर्यंत घराच्या जिन्याशीं पोहोंचतात.